साडेपाच तासांचा फरक

वर्सोव्याच्या सात बंगला भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के. लॅपटॉपचं घड्याळ बिघडलं तेव्हा त्यांनी माझं दार वाजवलं आणि निदानही सोबतच आणलं. "हे तुमचं लिनक्स माझं घड्याळ खातंय."

हकीकत साधी होती. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. काकांचा लॅपटॉप २०१६ चा, म्हणजे त्या यादीत बसत नाही. यंत्र मात्र ठणठणीत. मग पुण्याहून आलेल्या पुतण्याने डिस्कचे दोन भाग केले. जुना हिशेबाचा प्रोग्राम चालावा म्हणून एकात विंडोज राहू दिलं, दुसऱ्यात उबुंटू नावाचं लिनक्स टाकलं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. सोमवारपासून विंडोज उघडलं की वेळ चुकीची. काका रोज हाताने ती नीट करत. मग त्यांनी मदरबोर्डवरचा बटणाएवढा तीन व्होल्टचा सेल बदलून आणला. फरक नाही. मग पुतण्याला फोनवर धरून उबुंटू पुन्हा टाकलं. तेही दोनदा.

"कितीने चुकतं?" मी विचारलं.

"चुकतं म्हणजे चुकतं."

"पण मागे पडतं की पुढे जातं? किती?"

जन्मभर खात्यातला पै-पैचा फरक शोधलेल्या माणसाने हे पाहिलंच नव्हतं. सकाळचे नऊ वाजले होते. आम्ही लॅपटॉप उघडला. तो साडेतीन म्हणत होता. बरोबर साडेपाच तास मागे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

सेल दमला तर घड्याळ कसंही भरकटतं, वर्षंच्या वर्षं मागे जातं. साडेपाच तासांचा नेम धरून कुठलाही सेल दमत नाही. ग्रीनिचच्या वेळेहून भारताची प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. बिघाड स्वतःचं नाव सांगत होता, ऐकणाराच कुणी नव्हता.

झालं होतं असं. संगणक बंद असतानाही आत एक छोटं घड्याळ त्या सेलवर चालू असतं. लिनक्स त्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात सरळ स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एका घरात दोघं आले की भांडण सुरू होतं. लिनक्सने साडेतीन लिहिले, विंडोजने ते जसेच्या तसे वाचले. उलट बाजूलाही तोच घोळ होतो, पण इंटरनेट जोडलं की लिनक्स लगेच बाहेरून वेळ विचारून घेतं, म्हणून तिकडची चूक काकांना दिसली नाही.

मुंबईकराने तरी या घोटाळ्याचं आश्चर्य मानू नये. देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी या शहराने आपली वेगळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत जपली होती. ती ग्रीनिचहून चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटं मागे. कुणी आपलं घड्याळ एकोणचाळीस मिनिटांनी चुकतंय म्हणाला असता, तर त्या काळच्या मुंबईकराने सेल बदलायला नक्कीच पाठवलं नसतं.

उपाय एका ओळीचा होता. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला सांगता येतं की आतल्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव. ती आज्ञा ऐकते, पण मग स्थिती विचारली की खाली इशाराही छापते: ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही, ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करतात तिथे अडचणी येतील. काकांनी चष्मा वर करून तो सगळा वाचला. "म्हणजे हे आपण सांगितलेलं करतंय, आणि वर का करू नये तेही सांगतंय?" भारतात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, तेव्हा आम्ही पुढे गेलो. पण काकांचा चेहरा बदलला होता. बँकेतला कारकून सही घेताना नियमही वाचून दाखवतो, तसं काहीसं त्यांना वाटलं असावं.

घरच्या संगणकाशी आपण फार घाईने वागतो असं माझं मत आहे. काही अडलं की बंद करून चालू करायचं, नाही जमलं तर सगळं पुसून नव्याने टाकायचं. बिघाड कसा आहे, केव्हा होतो, किती होतो, हे बघायच्या आधीच औषध सुरू. बंद दारांच्या सॉफ्टवेअरने ही सवय लावली, कारण तिथे आत बघायची सोयच नसते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं मोठेपण ते फुकट मिळतं यात फार थोडं आहे. ते काय करतंय हे ते लपवत नाही, यात खरं मोठेपण आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही एका घरगुती म्हणावी अशा कटकटीतच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद वारंवार अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामात रिचर्ड स्टॉलमन यांनी भर घातली होती, त्यामुळे कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूरच कंपनीने दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती. ही टोचणी स्टॉलमन विसरले नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या ३८६ संगणकासाठी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिला आणि दोन्ही मिळून आज आपण ज्याला सैलपणे लिनक्स म्हणतो ते झालं.

आपल्याकडे ते घरोघरी आलं मासिकाच्या सीडीवरून. मार्च १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यामागे जे तंत्रज्ञ होते त्यांत अतुल चिटणीस हे नाव मोठं. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले, पुढे बंगळूरमध्ये मुक्त सॉफ्टवेअरची मोठी संमेलनं भरवणारे. २०१३ मध्ये ते गेले. त्या काळी मुंबईत इंटरनेट म्हणजे विदेश संचार निगमचा डायल-अप, एवढी सीडी उतरवून घ्यायला आठवडे लागले असते. मासिक स्टॉलवर मिळे.

सीडी मिळाली तरी खरा खेळ पुढे होता. चित्रमय पडदा सुरू करायला मॉनिटरची आडवी-उभी वारंवारता एका फाइलमध्ये हाताने लिहावी लागे, आणि चुकीचा आकडा टाकलात तर मॉनिटर जळू शकतो असा इशारा तिथेच असे. थरथरत्या हातांनी ते आकडे टाकल्याचं मला आठवतं. त्याहून वाईट मॉडेमचं. स्वस्त मॉडेममध्ये अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा, त्यामुळे लिनक्सवर ते नुसतं पत्र्याचं कार्ड. त्यावरचा उपाय इंटरनेटवर होता आणि इंटरनेटवर जायला मॉडेम हवा होता! शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन बाहेरून जोडायचा सीरियल मॉडेम आणायचा, हीच त्यातली वाट.

हा पेच आजही नव्या वेषात भेटतो. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन टाकलं आणि वायफायची खूणच दिसत नाही. कारण काही वेळा असं असतं की वायफायच्या चिपला सुरू होताना फर्मवेअर नावाची छोटी फाइल भरवावी लागते आणि ती वाटपाच्या अटींमुळे सोबत आलेली नसते. आता लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला साधं तारेचं नेटवर्क समजतं. त्यावरून फर्मवेअर उतरवून घ्यायचं.

वर्सोव्यात राहणाऱ्यांनी आणखी एक आरोपी कायम डोक्यात ठेवावा: हवा. खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीवर आपण राहतो. खिडकीचे गज, पंख्याचे स्क्रू, गॅसची शेगडी, सगळ्यावर वर्षभरात तांबूस पूड येते, मग संगणकाने काय पाप केलंय? आमच्याकडचा जुना डेस्कटॉप एका पावसाळ्यात वेड्यासारखा वागू लागला. आज ब्राउझर मधूनच बंद, उद्या फाइल कॉपी करताना अडकला, परवा सुरूच होईना. मी आठवडाभर अपडेटला दोष देत होतो. वास्तविक रोज नव्या जागी अडण्यातच उत्तर होतं. सॉफ्टवेअरमधली चूक सहसा ठरलेल्या जागी ठेच लावते: हेच बटण, हीच फाइल, हाच प्रोग्राम. रोज नव्या ठिकाणी ठेच लागत असेल तर मेमरीकडे बघावं. मेमटेस्ट८६+ नावाचं मुक्तस्रोत साधन पेन ड्राइव्हवरून चालवलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. वीज काढली, मेमरीची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कीस झटकला, पट्टी परत बसवली. त्या रात्री एकही लाल ओळ नाही. हा उपाय कुठल्याही गल्लीतल्या रिपेअरवाल्याला ठाऊक असतो. पट्टी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असेल अशा लॅपटॉपवर मात्र त्याचा उपयोग नाही.

दोष यंत्राचा की मांडणीचा, हे ठरवायला लाइव्ह पेन ड्राइव्ह फार कामी येतो. डिस्कला हात न लावता त्यावरून लिनक्स सुरू करायचं. आवाज, वायफाय, कॅमेरा तिथे चालतो आणि घरच्या प्रणालीत चालत नसेल, तर यंत्र निर्दोष. तिथेही चालत नसेल तर पेचकस शोधा, किंवा ड्रायव्हर. पाच मिनिटांत अर्धं जंगल मागे पडतं.

शिकायचं कुठून, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्या उपनगरातच, पवईच्या आयआयटीत, यावर एक मोठं काम उभं राहिलं आहे: स्पोकन ट्युटोरियल. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ते उभं केलं, केंद्र सरकारच्या शिक्षण मोहिमेतून त्याला पैसा मिळाला. दहाएक मिनिटांची एकेक ध्वनिचित्रफीत. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, ब्लेंडर असे विषय. आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज. पडदा मुद्दाम इंग्रजीच ठेवलेला असतो, कारण नोकरीत समोर तोच येणार, पण समजावणारा आवाज आपल्या भाषेत. पडद्याच्या एका बाजूला फीत आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून, थांबवत थांबवत स्वतः करत जायचं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पडद्यामागची आहे. संहिता लिहून झाली की ती त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून करून बघतात. तो जिथे अडतो तिथे चूक त्याची नाही, संहितेची. मराठीत पाककृती लिहिणाऱ्यांनी हा नियम पाळला असता तर 'अंदाजे मीठ' हा शब्दप्रयोग जन्माला आलाच नसता.

तरीही एक सांगायला हवं. अशा फिती करायला शिकवतात, दुरुस्त करायला नाही. फितीत सगळं पहिल्या झटक्यात जमतं. दुरुस्ती शिकायची तर यंत्राचं रडगाणं वाचायची सवय लावावी लागते, आणि तिथे आपल्याकडची पुष्कळ माणसं इंग्रजी बघून डोळे मिटतात. खरं तर नेहमीचे संदेश डझनभरही नसतील. 'पर्मिशन डिनाइड' म्हणजे परवानगी नाही. 'नो सच फाइल' म्हणजे नाव किंवा पत्ता चुकला, बहुतेकदा एखादं अक्षर किंवा मोकळी जागा. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणजे जागा संपली.

या शेवटच्यावरून आठवलं. आराम नगरमध्ये ऑडिशनच्या स्टुडिओंच्या गर्दीत एक मुलगा केडेनलाइव्हवर लघुपट जोडतो. एके सकाळी पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी. पासवर्ड चुकीचा असता तर तसं सांगितलं असतं, तसं काही नाही. कुणीतरी सल्ला दिला, फॉरमॅट मार. त्याचं तिथे सहा महिन्यांचं काम होतं. मी फोनवरून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबायला सांगितलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आली. चित्रमय दार अडलं तरी लिनक्सला असं मागचं दार असतं. तिथे पासवर्ड चालला. 'डीएफ' ही आज्ञा दिली, डिस्क शंभर टक्के भरलेली. आत येताना प्रणालीला दोन-चार बारीक फाइली लिहाव्या लागतात, त्यांनाही जागा नव्हती, म्हणून ती त्याला दारातूनच परत पाठवत होती. "पण मी काल चाळीस जीबी डिलीट केलं, दादा," तो म्हणाला. केलं होतं खरं, पण ते सगळं कचरापेटीत पडून होतं. कचरापेटी घरातच असते.

असे प्रसंग मी एका वहीत लिहितो: तारीख, काय दिसलं, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झालं तर आनंद होतो, पण औषध कुठलं लागू पडलं ते कळत नाही. आणि 'सुडो'ने सुरू होणारी ओळ तिचा अर्थ कळल्याशिवाय चिकटवायची नाही. तो शब्द म्हणजे घराच्या मालकाची सही. प्रत्येक आज्ञेचं माहितीपत्रक 'मॅन' लिहून तिथेच वाचता येतं. कोरडं असतं, औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं. पण खरं असतं.

आता मराठी अक्षरांकडे वळतो, कारण मराठी माणसाचा सगळ्यात चिवट बिघाड तिथेच राहतो.

पहिला छोटा. लिबरऑफिसच्या शैलीत फाँट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण तिथे प्रत्येक शैलीला वेगवेगळे फाँट असतात: एक रोमन लिपीसाठी, एक चिनी-जपानीसाठी, एक देवनागरी, अरबी, थाई अशा जोडकाम लागणाऱ्या लिप्यांसाठी. आपण पहिला बदलतो आणि तिसऱ्याची वाट बघतो. भाषाही त्या तिसऱ्या खान्यात मराठी अशी निवडावी, कारण काही फाँटांत 'ल' आणि 'श' यांची हिंदी आणि मराठी अशी दोन वळणं असतात आणि भाषा सांगितली तरच मराठी वळण मिळतं. फाँटांची मुक्तस्रोत श्रीमंतीही आपल्या शहराची आहे. 'मुक्ता' मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवला. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वरून आयआयटी मुंबईत 'शोभिका' तयार झाला.

दुसरा बिघाड मोठा. वर्सोवा कोळीवाड्यातला एक कॉलेजकुमार नारळी पौर्णिमेची स्मरणिका जुळवत होता. छापखान्यातून प्रूफ आलं. काही पानांवर 'खाऱ्या वाऱ्यात' नीट, काही पानांवर 'खार्या वार्यात'. रफार डोक्यावर चढलेला. छापखानेवाला म्हणाला, फाइलच तशी आली. मुलगा म्हणाला, माझ्या पडद्यावर सगळं बरोबर दिसतंय. दोघंही खरं बोलत होते.

मराठीत 'र' पुढच्या अक्षराशी दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'दर्या'त तो रफार होऊन वर जातो, 'दऱ्या'त कोयत्यासारखा बाजूला राहतो. कोळ्याचा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या यांत तेवढाच फरक. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, नुक्त्याचा 'ऱ', क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग 'य'. दुसरी जुनी तऱ्हा: साधा 'र', क्रमांक ०९३०, हलन्त, मग २००डी क्रमांकाचा अदृश्य सांधा, मग 'य'. अक्षरं जुळवून चित्र काढणारी हार्फबझ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी (नाव फारसी, 'हर्फ' म्हणजे अक्षर) दोन्हींचं चित्र हुबेहूब एकच काढते. पण मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना कुणी तो अदृश्य सांधा फालतू समजून गाळला, की उरतो साधा 'र', हलन्त आणि 'य'. रफार लगेच वर. आपण रोज पाहतो ते 'दुसर्या' आणि 'सार्या' पुष्कळदा असे जन्मतात. पहिल्या तऱ्हेत गाळण्यासारखं अदृश्य काही नसतंच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की तो 'ऱ' मिळतो.

मी त्याला शोधाच्या खिडकीत 'वाऱ्या' लिहायला सांगितलं, नुक्त्याच्या 'ऱ'ने. लेखांत डोळ्यांनी मोजले तर ते चोवीस ठिकाणी होते. संगणकाला अकराच सापडले.

"उरलेले तेरा कुठल्या लेखांत आहेत?"

त्याने वर-खाली करून पाहिलं. सगळे शेवटच्या चार लेखांत. "हे ताईने टाइप केलेत," तो म्हणाला. "ती अजून ते जुनं, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं साधन वापरते."